शाळेने लिहिलेली १ जुलै

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. नोर्ग्येलिंग हे तिचं नाव, पण आजूबाजूच्या गावांत ते कोणाच्या तोंडी नाही. सगळे 'कॅम्प' म्हणतात. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. कॅम्पातले लोक आमच्यासारखंच धान लावतात आणि रोवणीच्या वेळी आमच्यासारखेच आभाळाकडे डोळे लावून बसतात. दिवाळीच्या सुमारास गरम कपड्यांची गाठोडी बांधून शहरांकडे निघतात, ते संक्रांत उलटल्यावर परततात.

कॅम्पात जन्मलेल्या एका बाईचं प्रकरण मी २०१६ ते २०१८ या काळात जवळून पाहिलं. मी निवृत्त ग्रामसेवक. आमच्या भागात ग्रामसेवकाला सचिव म्हणतात आणि नोकरी संपली तरी ती हाक काही संपत नाही; कागदाचं काही अडलं की लोक अजूनही घरी येतात. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे कारण त्यात जी चूक झाली ती मला पुन्हा पुन्हा दिसते. माणूस जन्माने नागरिक आहे का हे ठरवताना कायदा आधी दोन गोष्टी विचारतो, जन्म कुठे झाला आणि कधी झाला. कार्यालयं मात्र तिसराच प्रश्न घेऊन बसतात, 'तुम्ही कोण लोक?' त्या बाईचं आणि तिच्याशी संबंधित कोणाचंही नाव मी इथे दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

अडलं कुठे

ती तिशीची होती. नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका खासगी दवाखान्यात काम करत होती. जिल्हा परिषदेत आरोग्य सेविकांची भरती निघाली म्हणून तिने कागद जमवायला घेतले. त्यात वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते आपल्याकडे दहावी-बारावी झालेली पोरं सेतू केंद्रातून सर्रास काढतात. हिने अर्जासोबत आधार, शाळेचा दाखला आणि आरसी जोडली.

आरसी म्हणजे परदेशी व्यक्ती म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र. मोठ्या झालेल्या बहुतेक तिबेटी माणसांकडे ते असतं. जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयातून मिळतं, त्याला मुदत असते, आणि मुदत संपायच्या आत जाऊन ती वाढवून घ्यावी लागते. खिडकीवरच्या मुलाने ते उलटून पाहिलं, त्यातलं 'तिबेटी' वाचलं आणि सगळी फाईल परत सरकवली. "हे परदेशी लोकांचं आहे. तुमचं होणार नाही." पोच नाही, लेखी नकार नाही, कारण नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा फाईल ओढणीखाली धरून होती, बाहेर भुरभुर पाऊस होता. बोलणं अस्सल आमच्या झाडीपट्टीचं. "काका, माही नाळ त् इथंच पुरली हाये. मंग मी परदेशी कशी जी?"

मी तिला तेव्हा लगेच उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. मी स्वतः इतकी वर्षं कॅम्पातल्या जन्माच्या नोंदी घेतल्या, दाखले दिले, पण ही मुलं कायद्याने कोण हा विचार मनात कधी आला नव्हता. निर्वासितांची पोरं निर्वासित, असंच गृहीत धरलेलं.

१९५५ चा कायदा

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारा माझा एक मित्र आहे. त्याने नागरिकत्व कायदा, १९५५ काढून कलम ३ समोर ठेवलं. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर, पण १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारताची नागरिक आहे. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याचं मूल, किंवा शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात शत्रूदेशीय बापाच्या पोटी आलेलं मूल, एवढेच अपवाद. आईबाप कुठले, कशाने आले, कोणत्या धर्माचे, हे या काळापुरतं कलम विचारतच नाही.

पुढची अट नंतर आली. १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय नागरिक हवा असं ठरलं. बांगलादेश, श्रीलंका आणि काही आफ्रिकी देशांतून येणाऱ्या लोकांच्या संख्येमुळे ती दुरुस्ती झाली. तिबेटी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. मग २००३ ची दुरुस्ती आली, ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली. तेव्हापासून दोघेही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे एकाच कॅम्पात, एकाच सुइणीच्या हातून झालेल्या बाळंतपणांना तीन वेगवेगळे नियम लागतात.

निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, हेही मला तेव्हाच नीट कळलं. निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. १९५९ मध्ये दलाई लामा आले, त्यांच्यामागे हजारो लोक आले. सरकारने त्यांना जमिनी दिल्या, शाळा दिल्या, वसाहती वसवून दिल्या. हे मोठ्या मनाचंच काम होतं आणि त्याबद्दल कॅम्पातली म्हातारी माणसं आजही हात जोडतात. पण कायद्याच्या वहीत त्यांचा रकाना परदेशी हाच राहिला. १९४६ च्या परदेशी व्यक्तींच्या कायद्यात तर, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच होता. आश्रयाचा सगळा व्यवहार सरकारी आदेशांवर चालतो. आदेश बदलले की माणसांचं आयुष्य बदलतं, आणि त्यावर हक्काने बोट ठेवायला कलम सापडत नाही.

पण हिच्या बाबतीत कलम होतं, आणि न्यायालयाचा निकालही होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात हाच मुद्दा निकाली काढला होता. त्यांचा जन्म १९८६ चा, हिमाचलातल्या कांगड्याचा. सरकारचं म्हणणं असं होतं की त्यांनी ओळख प्रमाणपत्राच्या (तिबेटींना पासपोर्टऐवजी प्रवासासाठी मिळणारा कागद) अर्जात स्वतःला तिबेटी म्हटलं, म्हणून त्या भारतीय नाहीत. न्यायालयाने ते मानलं नाही. जन्माने मिळालेलं नागरिकत्व कुठल्यातरी फॉर्मवर 'तिबेटी' लिहिल्याने गळून पडत नाही. ते सोडायची रीत कायद्यात वेगळी दिलेली आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने कलमातल्या त्या काळात, म्हणजे १ जुलै १९८७ च्या आधी, भारतात जन्मलेल्या तिबेटींची मतदार म्हणून नोंद करायला सांगितलं. आणि ती माझ्याकडे आली त्याच्या थोडंच आधी, २२ सप्टेंबर २०१६ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं होतं: अशा लोकांना पासपोर्ट नाकारता येणार नाही.

मित्राने निकालाच्या प्रती छापून दिल्या. त्या घेऊन आम्ही तारखा पाहायला बसलो आणि तिथेच घास अडकला.

दोन तारखा

शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख होती १ जुलै १९८७. आरसीवर तीच, कारण आरसी शाळेच्या दाखल्यावरून केलेली.

कायदा म्हणतो १ जुलै १९८७ च्या *आधी*. दाखल्याप्रमाणे ती ज्या दिवशी जन्मली त्याच दिवशी दार बंद झालं होतं.

विदर्भातल्या खेड्यात शिकलेल्या कोणालाही १ जुलै ही तारीख काय आहे ते सांगावं लागत नाही. शाळा उन्हाळ्यानंतर सुरू व्हायची, आई पोराला धरून आणायची, तारीख विचारली की "धान निसवले होते तवा झाला" किंवा "पोळ्याच्या आंगं-मागं" असं उत्तर यायचं. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे, कान धरला गेला की सहा वर्षांचा समजायचे, आणि सहा वर्षं मागची १ जुलै लिहून टाकायचे. माझ्या स्वतःच्या दोन भावांचा जन्म कागदावर १ जुलैचा आहे, दोन वर्षांच्या अंतराने. गुरुजींची ती सोय होती, त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. त्या सोयीची तारीख कायद्यात नागरिकत्वाची सीमारेषा ठरावी, हा निव्वळ योग. पण त्या योगाने या मुलीचा देश काढून घेतला असता.

आई म्हणत होती की मुलगी थंडीत झाली, वडील स्वेटरच्या धंद्यावर जायचे थांबले होते. म्हणजे जुलै नव्हेच. मग मी तिला म्हटलं, "पोरी, ग्रामपंचायतीत पाहू. कोण्या सचिवाने लिहिलं असलं त् सापडनच."

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. ग्रामीण भागात ग्रामसेवक निबंधक म्हणून ती नोंद घेतो. मी ज्या गावांचा कारभार पाहिला त्या सगळ्या ठिकाणी जुनी दप्तरं लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेली असत. इथेही तशीच होती, लोखंडी कपाटाच्या तळाशी. कार्यरत सचिव तरुण होता, त्याने रीतसर अर्ज घेतला आणि सगळं माझ्यासमोर ठेवलं. १९८६ ची नोंदवही एका कोपऱ्यातून वाळवीने खाल्लेली. पानं चिकटलेली, ती पट्टीने हळूहळू सोडवावी लागली. नोव्हेंबरच्या पानावर ओळ सापडली.

जन्मतारीख ११ नोव्हेंबर १९८६. नोंद सहा दिवसांनी घेतलेली. लिंग स्त्री. बाळाचं नाव: आडवी रेघ. जन्मस्थान: तिबेट कॅम्प. वडलांच्या नावाला शेवटी 'सिंग' लागलेलं, कारण लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्याने आपल्या ओळखीच्या नावात बसवलं. आईच्या नावाला 'बाई'. आणि खबर देणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात तिबेटी अक्षरं. ती लिपी पाहिली की आपल्या देवनागरीची दूरची बहीण वाटते, अक्षरं वरच्या रेषेला टांगल्यासारखी, पण वाचता येत नाही. निळ्या शाईची होती, फिकी झालेली. ती त्या पानाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हे बाबाचं."

वडील २००९ मध्ये वारले होते. ही सही त्यांचीच, हे सिद्ध कशाने करायचं? आईच्या लोखंडी पेटीत त्यांची जुनी आरसी निघाली. त्यावर तीच सही. तेच वळण, शेवटच्या अक्षराखाली तोच हुकासारखा आकडा. ज्या कागदाने बाप परदेशी ठरला होता तोच कागद आता मुलगी इथली असल्याचा साक्षीदार झाला. मी आयुष्यभर कागद हाताळले, पण एवढं मोल असलेली सही दुसरी पाहिली नाही.

१९८६ मध्ये तिथे नोकरीवर असलेल्या त्या सचिवाला मी ओळखत नव्हतो. त्याला तिबेटी नावं लिहिता आली नाहीत, बाळाचं नाव त्याने नंतर येऊन विचारलं नाही. तरी तो माणूस कॅम्पात गेला, बाळंतपण घरी झालेलं असताना मुदतीत नोंद घेतली, खबर देणाऱ्याकडून सही घेतली. ती नोंद नसती तर एवढ्या उशिराने जन्म नोंदवायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागला असता, आणि अशा उशिराच्या नोंदीकडे सगळे संशयानेच पाहतात. जानेवारी २०२५ मध्ये तर राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदींची प्रमाणपत्रं देणंच काही काळ थांबवलं होतं. खोट्या नोंदींचा प्रश्न खरा आहे, त्याची चौकशी व्हायलाच हवी. पण ज्याच्या जन्माची नोंद सचिवाच्या आळसामुळे राहिली, त्या खऱ्या माणसाची त्यात काय गत होते हे गावपातळीवर बसलेल्यालाच दिसतं.

दुरुस्ती कशी करायची हे मला पाठ होतं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही. समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने तारखेसह सही करायची. बाळाचं नाव घालण्याची मुदत सरकारने वाढवलेली होती, म्हणून तेही जमलं. आडव्या रेघेच्या ठिकाणी तीस वर्षांनी नाव आलं. तरुण सचिवाने ते लिहिताना तिला अक्षर न् अक्षर विचारून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं.

अर्ज

प्रमाणपत्राच्या खिडकीवर पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. निकाल पासपोर्टबाबतचे होते, म्हणून वकील मित्राने आधी पासपोर्टचा अर्ज करायला सांगितला. तो एकदा मिळाला की बाकीची दारं आपोआप उघडतील, हा त्याचा हिशेब. २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न येतो, भारताचं नागरिकत्व कशाने मिळालं: जन्माने, वंशाने, नोंदणीने की देशीयकरणाने (म्हणजे इथे राहिलेल्या परदेशी माणसाने अर्ज करून मिळवलेलं). तिने 'जन्माने' निवडलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी रागावीन.

पोलीस पडताळणीला आलेला शिपाई तिला लहानपणापासून ओळखणारा. चहा घेतला, आईची तब्येत विचारली, आणि अहवालात लिहिलं की अर्जदार तिबेटी निर्वासित असून तिच्याकडे आरसी आहे. दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने खऱ्याच. त्याला जन्माचं ठिकाण आणि तारीख तपासायला कोणी सांगितलंच नव्हतं. अहवाल प्रतिकूल म्हणून गेला.

काही आठवड्यांनी पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं. आक्षेप तीन. अर्जदार परदेशी म्हणून नोंदलेली आहे. जन्मतारखेत तफावत आहे. जन्माच्या दाखल्यातलं वडलांचं नाव इतर कागदांशी जुळत नाही, शिवाय दाखल्यावर जिल्हा भंडारा आणि अर्जात गोंदिया. हा शेवटचा मुद्दा वाचून मला वाईट वाटलं. १९९९ पूर्वी जन्मलेल्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या कागदावर भंडाराच असणार. पण मी जुनी सवय सोडली नाही: आक्षेप कितीही क्षुल्लक असो, उत्तर पूर्ण द्यायचं. जिल्हा विभाजनाच्या अधिसूचनेची प्रत जोडली.

आरसीच्या मुद्द्यावर २०१० आणि २०१६ चे निकाल जोडले. एक साधी गोष्टही लिहिली, की अठराव्या वर्षी या मुलीला आरसी घेण्यावाचून दुसरा रस्ताच दाखवला गेला नव्हता. कॅम्पात राहायचं, शिकायचं, प्रवास करायचा तर आरसी हवी. जो कागद सरकारनेच घ्यायला लावला, तो तिने स्वखुशीने परदेशी असल्याची कबुली दिली म्हणून तिच्याविरुद्ध वापरणं न्यायाचं नाही.

सर्वात जास्त मेहनत तारखेवर घेतली. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत मिळवली. त्या पानावरच्या निम्म्याहून अधिक मुलांचा जन्म १ जुलैचा होता, वर्षं तेवढी वेगळी. एवढा एक कागद बोलका होता. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा बिराद मल सिंघवी यांच्या खटल्याचा निकाल दिला: शाळेच्या रजिस्टरातली तारीख कोणाच्या माहितीवरून लिहिली हे सिद्ध होत नसेल तर त्या नोंदीला पुरावा म्हणून वजन नाही. उलट निबंधकाने आपलं कर्तव्य म्हणून, त्याच आठवड्यात घेतलेली जन्माची नोंद आमच्याकडे होती. वडलांच्या नावाबाबत दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून मोठ्या आकारात छायाप्रत काढली, आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

सुनावणीला मी तिच्यासोबत गेलो, आत मात्र तिला एकटीलाच घेतलं. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्ही स्वतःला तिबेटी समजता की भारतीय. ती म्हणाली, "साहेब, मी तिबेटी आहे, आणि माझा जन्म भंडारा जिल्ह्यातला आहे." मग साहेबांनी सह्यांची छायाप्रत बराच वेळ पाहिली. त्यांनी तिला दम दिला नाही की अपमान केला नाही. फाईल वाचून आलेला अधिकारी होता. नकार देणार असाल तर पासपोर्ट कायद्याप्रमाणे कारणं लेखी द्या म्हणजे अपील करता येईल, हे मित्राने तिला पढवून ठेवलं होतं. ते म्हणायची वेळ आली नाही.

अटी

२०१७ मध्येच परराष्ट्र मंत्रालयाने अशा तिबेटी अर्जदारांना पासपोर्ट द्यायचं मान्य केलं होतं, पण त्यासोबत अटी आल्या. आरसी परत करून रद्द करून घ्यायची. तिबेटी प्रशासनाकडून (धरमशाळेतून चालणारं निर्वासित तिबेटींचं प्रशासन) मिळणाऱ्या सवलती आणि आरसीधारकाला मिळणारे लाभ यापुढे घेणार नाही असं लिहून द्यायचं. आणि ठरवून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहायचं नाही.

पहिल्या दोन अटी मला समजतात. नागरिक आहे म्हटल्यावर परदेशी म्हणून नोंद कशाला ठेवायची? पण तिसरी माझ्या मनाला आजही पटत नाही. ज्या घरात जन्म झाला म्हणून ती नागरिक ठरते, ते घर सोडल्याशिवाय तिला नागरिक म्हणून वागवणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. वसाहतीची जमीन निर्वासितांसाठी दिलेली आहे, ती इतरांनी वापरू नये, हे तर्काने ठीक. पण हिची आई निर्वासितच आहे, आणि सत्तर वर्षांच्या आईजवळ लेकीने राहणं यात जमीन बळकावण्यासारखं काय आहे? मुंबईत राहणाऱ्या नागरिकाला कोणी विचारत नाही की तू आईच्या घरी का झोपतोस.

कॅम्पातही सगळे तिच्या बाजूचे नव्हते, हे सांगायला हवं. काही जाणत्या माणसांना वाटत होतं की भारतीय पासपोर्ट घेणं म्हणजे परत जायची आशा सोडणं. पोरंच जर नागरिक झाली तर तिबेटचं नाव कोण घेईल. धरमशाळेतल्या तिबेटी प्रशासनाची भूमिका, हा ज्याचा त्याचा निर्णय, अशी राहिली. तिच्या आईने मात्र एकच विचारलं, दवाखाना जवळ राहील का. तालुक्याच्या गावी दवाखाना जवळच होता. तिने तिथे एक खोली भाड्याने घेतली, आठवड्यातून दोनदा बसने कॅम्पात जाऊन आईचं धुणं-भांडं, गोळ्या-औषधं पाहून येऊ लागली, आणि हमीपत्रावर सही केली.

२०१८ च्या पावसाळ्यात पासपोर्ट पोस्टाने आला. त्यावर जन्मतारीख ११ नोव्हेंबर १९८६, जन्मस्थान गोंदिया. त्याच्या आधारे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र चार दिवसांत मिळालं, त्याच खिडकीतून. ज्या भरतीसाठी हे सगळं सुरू झालं ती तेव्हा केव्हाच होऊन गेली होती. ती अजून खासगी दवाखान्यातच आहे. मतदार यादीत नाव घातलं, २०१९ ला पहिल्यांदा मतदान केलं, आणि बोटावरची शाई दाखवायला माझ्या दारात आली होती.

तिचा नवरा कर्नाटकातल्या बैलकुप्पे वसाहतीत १९८३ साली जन्मलेला. म्हणजे तोही कायद्याने नागरिक, फक्त त्याचे कागद अजून व्हायचे आहेत. दोघेही नागरिक, म्हणून त्यांच्या २०१२ च्या मुलाचा प्रश्न उरत नाही.

भाऊ

तिचा धाकटा भाऊ फेब्रुवारी १९८९ चा. बहिणीचं काम झालं म्हणून तोही फाईल घेऊन आला. मी त्याला बसवून १ जुलै १९८७ नंतरचा नियम समजावून सांगितला: आई किंवा वडील यांच्यापैकी एक तरी त्या वेळी नागरिक हवा होता. दोघांचाही जन्म तिबेटमधला. त्याची बायको १९९१ ची, तिचीही गत तीच, आणि म्हणून त्यांच्या दोन मुलींचीही.

त्याने मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की २०१९ च्या दुरुस्तीत बौद्धांना नागरिकत्व मिळतं. मी पुढे त्यावर मित्राला पुन्हा विचारून घेतलं. कलमात बौद्ध शब्द आहे हे खरं, आणि त्याचे नियमही ११ मार्च २०२४ रोजी आले. पण देश तीनच: अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान. तिबेट त्यात नाही. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत, मुलचेरा आणि चामोर्शी भागात, पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं साठच्या दशकापासून वसवलेली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे कागद राहिले असतील तर त्यांना त्या दुरुस्तीत वाट आहे. या पोराला नाही.

त्याच्यासाठी उरतं देशीयकरण. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याकडे आणि तिथून केंद्राकडे जातो. द्यायचं की नाही हे सर्वस्वी केंद्राच्या मर्जीवर. बहिणीला जे जन्मतः होतं ते याला मागून घ्यावं लागेल. अर्ज करायचा की नाही यावर त्याचं अजून ठरत नाही. दरम्यान त्याची आरसीची मुदत जवळ आली की तो फोटो काढून जिल्ह्याला जाऊन येतो.

मी म्हटलं, निदान जन्माचा दाखला काढून ठेव, पुढे केव्हा लागेल सांगता येत नाही. आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. १९८९ पर्यंत तिथे दुसरा सचिव आलेला होता, अक्षर सुंदर, रकाने भरलेले. मुलाचं नाव लिहिलेलं, वडलांचं नाव जसं हवं तसं, आईचंही. सहीच्या रकान्यात तीच तिबेटी अक्षरं, या वेळी काळ्या शाईत. त्याने त्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "ताईच्या पानावरचीच ना जी?" मी हो म्हटलं. सचिवाने दाखला छापला, वीस मिनिटं लागली. नोंदीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.